आल्कांताराचा पूल की चीनचा अंजी पूल?

दोन्ही दगडी, दोन्ही आजही उभे. स्पेनमधला आल्कांताराचा पूल रोमन सम्राट ट्राजनच्या काळातला, इ.स. १०६ च्या सुमाराचा. अंजी पूल त्याहून सुमारे ५०० वर्षांनी धाकटा. चीनमध्ये सुई राजवटीत ली चुन या कारागिराने तो ६०५ च्या आसपास पुरा केला.

आल्कांतारा बघताना मान वर करावी लागते. ग्रॅनाइटच्या सहा कमानी टॅगस नदीच्या खोल दरीतून वर चढलेल्या. हा पूल युगानुयुगे टिकेल, असं बांधणाऱ्यांनी तिथे लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय. पण माणसांनीच तो युद्धात पुन्हा पुन्हा तोडला. १८०९ मध्ये उडवलेली कमान नीट उभी राहायला १८६० उजाडलं. मला याचं फार वाईट वाटतं.

तरी माझं मत अंजीलाच. एकच कमान, लांबी सुमारे ३७ मीटर आणि उंची जेमतेम ७. रोमन पद्धतीची पूर्ण अर्धगोल कमान घेतली असती तर १८ मीटरची चढण झाली असती; बैलगाडी चढणार कशी? मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन छोट्या कमानी पोकळ ठेवल्यात. त्यामुळे पुलाचं वजन घटलं आणि पुराच्या पाण्याला वाटही मिळाली. शिवाय ही कमान अखंड नाही, शेजारी शेजारी लावलेल्या २८ कमानींची आहे. एखादीचा दगड निखळला तर तेवढीच दुरुस्त करायची. जवळ जाऊन पाहिलं की दगडांच्या सांध्यांत डमरूच्या आकाराचे लोखंडी तुकडे बसवलेले दिसतात.