गादीखालचे बंधनपट्टे: अपंग आणि ऑटिस्टिक प्रौढांसाठी किती सोयीचे?

दोघांच्या संमतीने हात-पाय बांधून खेळायच्या लैंगिक खेळासाठीचा हा संच: गादीखालून जाणारे चार पट्टे आणि टोकांना निओप्रिनचे (मऊ, फोमसारख्या रबराचे) वेल्क्रो कफ, म्हणजे हाता-पायाला गुंडाळायचे पट्टे. पलंगाला भोकं पाडावी लागत नाहीत, व्हीलचेअरवरून सरळ गादीवर सरकता येतं. पकड कमजोर असेल तर वेल्क्रो बकलपेक्षा सोपं; मोकळ्या टोकाला बोट अडकेल एवढा लूप तेवढा शिवून घ्या. वेल्क्रोचा चर्रर्र आवाज मात्र काही ऑटिस्टिक व्यक्तींना असह्य होतो. त्यांनी दाबून सुटणारं बकल घ्यावं, पट्टा ताणलेला असताना उघडतं ना, हे आधी पाहून.

कफ आणि मनगटात दोन बोटं सहज जायला हवीत. कफ घट्ट झाला तर अंगठ्याकडची नस (नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) दबते, अंगठ्यामागे मुंग्या येतात. तेव्हा लगेच सोडायचं, 'अजून दोन मिनिटं' नाही. सांधे सैल असतील तर हात डोक्यावर ताणू नका. संवेदना नसलेल्या भागावर कफ नकोच. मज्जारज्जूची इजा टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर रक्तदाब चढत असू शकतो: पट्टे सोडा, उठवून बसवा, आराम न पडल्यास तातडीने डॉक्टर.

बोलणं बंद पडणाऱ्यांनी हातात किल्ल्यांचा जुडगा धरावा. पडला की सगळं थांबवायचं. पकडच नसेल तर पायाशी घंटी. अडकलेला पट्टा कापायला बोथट टोकाची कात्री संचात नाही, ही खरी उणीव.