एरेटर की तरंगते वाफे?

तळ्यात किंवा नाल्यात मैलापाणी अजून सरळ येत असेल, तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारा पंप) आणि तरंगते वाफे (पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांवर लावलेली झाडं), दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. आधी ते अडवा. अधूनमधून, पावसाळी गटारातून वगैरे येत असेल, तर या दोघांत निवडायला अर्थ आहे. मी दोन्ही वापरून पाहिलेत.

एरेटरचा गुण लगेच दिसतो. शेवाळलेल्या पाण्यात डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, सगळ्यात कमी असतो तो पहाटे, कारण शेवाळही रात्रभर ऑक्सिजनच खातं. त्यात उन्हाळ्यात तीस अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर तो फारसा मावतच नाही. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, की एरेटरच धावून येतो. आमच्याकडे आठवड्याभरात सडक्या अंड्याचा वास गेला, हे कबूल करायलाच हवं.

पण जाळी! पंपाची ती जाळी दर तिसऱ्या दिवशी तुंबायची. पिशव्या परवडल्या, हाताने ओढून निघतात. केस आणि नायलॉनचा दोरा मात्र जाळीतून आत जाऊन पंख्याच्या दांड्यावर असे आवळून बसतात, की ब्लेडने कापून काढावे लागतात. गुडघाभर गाळात उभं राहून, एका हातात मोबाईलचा उजेड. बरं, वीज जायची तीही नेमकी पहाटे. शिवाय पाणी उथळ असेल तर जोरकस एरेटर तळाचा गाळ ढवळतो आणि शेवाळाचं खाद्य असलेला फॉस्फरस तळ्यातच राहतो. पुढच्या उन्हात शेवाळ परत हजर.

वाफ्यांचं उलटं. पहिले दोन महिने लोक विचारतात, ‘हे नुसतं शोभेचं आहे का?’ आम्ही वाळा आणि कर्दळ लावली होती. तिसऱ्या महिन्यात एक वाफा उलटून पाहिला, तर हातभर मुळं लोंबत होती आणि त्यांवर जिवाणूंचा तपकिरी बुळबुळीत थर. पाणी साफ करायचं खरं काम तो थर करतो, झाडं त्याला टेकू देतात. त्रास इथेही आहे. पाला वेळेवर कापून पाण्याबाहेर न्यायचा; तिथेच कुजू दिला की खाल्लेलं सगळं परत पाण्यात. आणि दोऱ्या ढिल्या बांधा. आम्ही ताणून बांधल्या, पहिल्या पुरात एक वाफा वाहून गेला.

मोठ्या तळ्यात चार वाफे टाकून फरक पडेल असं मी म्हणणार नाही, आणि माझ्याकडे प्रयोगशाळेचे आकडे नाहीत. पण कापणी हंगामात दोनचारदा, दिवसाउजेडी, चार जणांनी मिळून होते. जाळीला कोणीच येत नसे.

एरेटर विकला नाही. एप्रिल-मे महिन्यांत रात्री लावतो. बाकी वर्षभर तो शेडमध्ये असतो, दांड्यावर थोडा दोरा अजून गुंडाळलेला.