लेदर, टेक्स्टाइल की मेश : रायडिंग जॅकेट निवडण्यापूर्वी

रायडिंग जॅकेट घ्यायचे ठरवले की समोर साधारणपणे तीन पर्याय येतात : लेदर, घट्ट विणीचे टेक्स्टाइल आणि जाळीचे मेश. यांत सर्वांत सुरक्षित कोणते, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर सोपे आहे, चांगल्या शिवणीचे लेदर. मात्र एवढ्याने निवड होत नाही, कारण उकडते म्हणून खुंटीवर राहिलेले लेदर कोणाचेही कोपर वाचवत नाही. जॅकेट कशाचे आहे यापेक्षा ते अंगावर किती नेमके बसते आणि रोज चेन गळ्यापर्यंत लावून घातले जाते का, या दोन गोष्टींना मी अधिक महत्त्व देतो. पुढची तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

आधी जॅकेटने काय करायचे असते ते पाहू. बाइकवरून पडणे ही एकच घटना वाटली तरी शरीराला त्यात दोन वेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतात. पहिली म्हणजे जमिनीवर आपटणे. अंग ८० सेंटिमीटर उंचीवरून खाली आले, तर जमिनीला टेकताना त्याचा खालच्या दिशेचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो, आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली होती की ८० ने, याने त्या आकड्यात फरक पडत नाही. दुसरी म्हणजे घसटत जाणे. अंग आणि कोरडे डांबर यांच्यातील घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस थांबेपर्यंत सुमारे १४ मीटर घसटतो आणि त्याला दोन सेकंद लागतात. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. आपटण्याचा जोर कोपर आणि खांद्यावरचे आर्मर, म्हणजे जॅकेटच्या आत बसवलेले आघात शोषणारे पॅड, झेलते, घसटणे मात्र कापड, कातडे आणि शिवण यांनाच सोसावे लागते. समोरच्या मोटारीवर किंवा खांबावर थेट आदळल्यास यांपैकी कोणतेही जॅकेट फारसे काही करू शकत नाही, हे विकत घेणाऱ्याने आधीच मान्य केलेले बरे.

या दोन्ही कामांसाठी युरोपीय मानके आहेत आणि ती जॅकेटच्या आतल्या लेबलावर छापलेली असतात. कपड्यासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे आणि त्यात एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. वेगाने फिरवलेला कापडाचा नमुना स्थिर खडबडीत पृष्ठभागावर सोडून तो मोठे छिद्र न पडता टिकतो का, हे या चाचणीत पाहतात. खांदे, कोपर यांसारख्या सर्वाधिक धोक्याच्या भागासाठी सुरुवातीचा वेग एएए वर्गात ताशी १२० किलोमीटर, एए वर्गात ७० आणि ए वर्गात ४५ असा धरलेला आहे. हे आकडे यंत्रावरचे आहेत. तेवढ्या वेगाने पडले तरी काही होणार नाही, असा त्यांचा अर्थ नाही. बी वर्गाचे कापड ए वर्गाच्याच तोडीचे असते, पण त्यात आर्मर नसते, आणि सी वर्गात केवळ आर्मर अंगाला धरून ठेवणारी वस्त्रे येतात. हातापायांच्या आर्मरसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे : ५० ज्यूलचा आघात केल्यावर पलीकडे पोहोचणारा जोर सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर पहिली पातळी आणि २० च्या आत राहिला तर दुसरी. म्हणजे दुसऱ्या पातळीचे आर्मर आघात बराच अधिक शोषते, आणि ते नंतर बदलूनही घालता येते. कापड असे बदलता येत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी कापडाचा वर्ग अधिक बारकाईने पाहावा.

लेदरचे गुण घसटण्याच्या कामात दिसतात. रायडिंगसाठी गायीचे कातडे साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर जाडीचे वापरतात, आणि ते घासले गेले तरी कृत्रिम धाग्यासारखे वितळत नाही, थर थर झिजत जाते. काही महिने वापरल्यावर ते अंगाच्या घडणीप्रमाणे बसते, त्यामुळे आर्मर जागचे हलत नाही. हा गुण जाहिरातीत क्वचितच सांगतात, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. लेदर फाटते ते बहुतेक वेळा शिवणीतून, म्हणून बाहेरून दिसणारी शिवण एकेरी आहे की आत आणखी एक लपलेली शिवण आहे, हे बाही उलटी करून पाहावे. दोष सर्वांना ठाऊक आहेत : ते जड असते, उन्हात तापते, पावसात भिजले की आणखी जड होते, सावकाश सुकते आणि निगा राखली नाही तर कडक होऊन तडकते. छिद्रे पाडलेले लेदर धावत्या गाडीवर सुसह्य वाटते, पण सिग्नलला थांबताच त्या छिद्रांचा उपयोग संपतो.

टेक्स्टाइल या एका नावाखाली फार वेगवेगळा माल खपतो, त्यामुळे फसगत होण्याची शक्यता इथेच अधिक. विक्रेते डेनियरचा आकडा पुढे करतात, पण डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. त्यातून धागा किती जाड आहे ते कळते, किती टिकेल ते नव्हे. त्यामुळे ५०० डेनियरचे दर्जेदार नायलॉन हे ६०० डेनियरच्या साध्या पॉलिस्टरपेक्षा जास्त काळ टिकू शकते. दोन्ही धागे घर्षणाच्या उष्णतेने वितळू शकतात, म्हणून खांदे आणि कोपरांवर कापडाचे दोन थर किंवा ॲरॅमिडचे, म्हणजे केव्हलारच्या जातीच्या न वितळणाऱ्या धाग्याचे, अस्तर असलेले टेक्स्टाइल घ्यावे. पावसाच्या बाबतीत मात्र टेक्स्टाइलची बरोबरी दुसरे कोणी करत नाही, फक्त त्यातही दोन प्रकार आहेत. जलरोधक पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल तर पाणी वरच्यावर ओघळून जाते. तो आत सुटा लावलेला असेल तर अंग कोरडे राहते, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड आणि गार होते. वर्षभर एकच जॅकेट वापरणार असाल तर चिकटवलेल्या पडद्यासाठी थोडे अधिक पैसे मोजलेले वाया जात नाहीत.

मेश उष्णतेवरचा तोडगा आहे, आणि उष्णता हा केवळ सोयीचा मुद्दा नाही. घामाघूम झालेल्या, डोके जड झालेल्या चालकाला वळणावरची खडी उशिरा दिसते. म्हणूनच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून चालणारा मोटोकॅप हा उपक्रम तपासलेल्या प्रत्येक जॅकेटला संरक्षणाचे आणि हवेशीरपणाचे वेगवेगळे तारे देतो. तरीही जाळी ही जाळीच : धाग्यांमध्ये जितकी मोकळी जागा, तितका घासायला माल कमी. जाळी कुठे आहे ते त्यामुळे पाहावे लागते. छाती, काख आणि दंडाच्या आतल्या बाजूला ती असेल आणि खांदे, कोपर व मनगटाची बाहेरची बाजू घट्ट विणीच्या कापडाची असेल, तर जॅकेट विचारात घेण्याजोगे आहे. पूर्ण बाही जाळीची असेल तर ते टी-शर्टपेक्षा बरे, इतकेच म्हणता येईल. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की नुसता वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. गारवा येतो तो घाम सुकल्याने. अशा कडक उन्हात लांबच्या प्रवासात मेशमधून लागणारा वारा शरीरातले पाणी झपाट्याने ओढून घेतो, म्हणून आत ओला केलेला पातळ थर घालणे आणि वारंवार पाणी पिणे गरजेचे होते.

मापाचा मुद्दा मी स्वतःच्या कोपरावर शिकलो. एका वळणावर पसरलेल्या बारीक खडीवर पुढचे चाक निसटले. वेग ताशी तीसच्या आसपास असेल. जॅकेट मेशचे होते, आत जाड स्वेटर मावावा म्हणून एक माप मोठे घेतलेले, आणि मनगटाचा पट्टा मी त्या दिवशी लावलेला नव्हता. घरी येऊन पाहिले तर बाहीचे कापड फाटलेलेही नव्हते, फक्त राखाडी पडले होते. बाही मात्र वर सरकली होती, आर्मर फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेले होते आणि नेमके कोपराचे टोक सोलवटून सुजले होते. कापड आणि आर्मर दोन्ही शाबूत असताना इजा झाली ती केवळ मापामुळे. तेव्हापासून मी जॅकेट घालून पाहताना हँडल धरल्यासारखा हात वाकवतो आणि दुसऱ्या हाताने आर्मर बाजूला ओढून बघतो. ते बोटभरापेक्षा जास्त सरकले तर ते जॅकेट तिथेच ठेवतो. आरशासमोर सरळ उभे राहून जॅकेट ऐटदार दिसते, पण गाडीवर कोणी तसे बसत नाही.

महाग जॅकेटही टिकेलच असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, अपघातात सापडलेल्या चालकांच्या कपड्यांपैकी सुमारे ३० टक्के जॅकेटे आणि २५ टक्क्यांहून थोडे अधिक हातमोजे झिजून किंवा फाटून निकामी झालेले आढळले होते. लेबल वाचण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

आता रस्त्याकडे. शहरात रोज फिरणाऱ्याला सांडलेले डिझेल, ओले झालेले रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणे, तिरपे ओलांडावे लागणारे रूळ आणि कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसात तेल-धुळीने निसरडा झालेला रस्ता यांच्याशी सामना असतो. इथली पडझड बहुधा कमी वेगाची आणि एका अंगावरची असते, त्यामुळे घसटण्यापेक्षा आपटणे जास्त लागते. अशा वापरासाठी एए किंवा किमान ए वर्गाचे, अंगालगत बसणारे मेश किंवा हवेशीर टेक्स्टाइल आणि त्यात दुसऱ्या पातळीचे आर्मर ही निवड मला योग्य वाटते. हमरस्त्यावर वेग वाढतो, घसटण्याचे अंतर वेग दुप्पट तर चौपट या हिशोबाने वाढते आणि तिथे एएए वर्गाचे लेदर किंवा त्या तोडीचे टेक्स्टाइल यांना पर्याय उरत नाही. घाटरस्त्याला, जिथे तासाभरात ऊन, धुके आणि पाऊस तिन्ही भेटतात, मी पडदा चिकटवलेले टेक्स्टाइल घेईन.

रंगाचा मुद्दा गौण मानला जातो, तसा तो नाही. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या, मोटारसायकल अपघातांवरच्या हर्ट अहवालाने दाखवले होते की दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत, मोटारचालकाला मोटारसायकल दिसलीच नाही किंवा उशिरा दिसली, हे वारंवार आढळणारे कारण होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुरोसंट किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. लेदर बहुतांशी काळे मिळते. ते घेतलेच तर वरून उजळ बंडी चढवणे हा स्वस्त उपाय आहे, दिसायला तो कसाही वाटो.

पैसे मर्यादित असतील तर आणखी एक तुलना करावी लागते, ती जॅकेट आणि पँट यांच्यातली. मोटारसायकलच्या अपघातांत पायांना सर्वाधिक इजा होतात, तरी भारी जॅकेटखाली साधी जीन्स हे दृश्य सर्रास दिसते. नेहमीची सुती जीन्स डांबरावर क्षणात भोक पडण्याइतकीच टिकते. एकाच एएए जॅकेटवर सगळी रक्कम घालण्यापेक्षा एए वर्गाचे जॅकेट आणि त्याच वर्गाची, गुडघ्याला व कमरेला आर्मर असलेली रायडिंग जीन्स अशी विभागणी मी करेन. फक्त त्या जीन्समध्ये ॲरॅमिडचे अस्तर मांडीपासून नडगीपर्यंत आहे की गुडघ्यावर तळहाताएवढे ठिगळ आहे, हे ती उलटी करून पाहावे.

शेवटी पाठीचा खिसा. अनेक जॅकेटांत खांदे आणि कोपरांना प्रमाणित आर्मर असते, पण पाठीच्या खिशात नुसता मऊ फोम घातलेला असतो, जो केवळ आकार राखण्यासाठी असतो. तो बाहेर काढून त्यावर ईएन १६२१-२ हा आकडा छापला आहे का ते बघावे. नसेल तर खिशाची लांबी-रुंदी मोजून त्या मापाचे पाठीचे आर्मर जॅकेटबरोबरच घ्यावे आणि ते आत घालूनच माप पुन्हा तपासावे, कारण त्या दीड-दोन सेंटिमीटर जाडीने पाठीत आणि खांद्यांत जॅकेट कसे बसते ते बदलते.