स्फुरद विरघळवणारे जिवाणू: पावडर की लिक्विड?

पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, वापरायचं हे ज्यांचं ठरलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण 15 ते 25 टक्केच येतो. बाकीचा चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी आणि आम्ल जमिनीत लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो. हे जिवाणू ग्लुकोनिक, सायट्रिक अशी आम्लं सोडून त्यातला काही भाग मोकळा करतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पाकीट घ्यायचं की बाटली, या प्रश्नावर.

मी दोन्ही वापरून बसलो आहे. उभ्या पिकाकडे बघून कशात काय वापरलं होतं, हे मला तरी ओळखता आलं नसतं. जिवाणू जिवंत असले की काम सारखंच करतात. फरक दिसला तो पेरणीच्या दिवशी.

पावडर बियाण्याला लावायची म्हणजे गुळाच्या गार पाण्याने बी ओलसर करा, 10 किलोला 250 ग्रॅम चोळा, सावलीत सुकवा. ऐकायला सोपं आहे. पण पेरणीच्या वेळी हवा दमट असते आणि गोणपाटावर पसरलेलं बी सुकता सुकत नाही. घाईने तसंच पेरणी यंत्राच्या पेटीत ओतलं की दाणे एकमेकांना धरून बसतात. खाली पोकळी होते आणि वरून पेटी भरलेली दिसते. बी सोडणाऱ्या चकतीच्या खाचांत काळा लगदा साचतो, एखादी नळी तुंबते. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नसतो. उगवण झाल्यावर ओळच्या ओळ रिकामी दिसते, तेव्हा कळतं. मग नांग्या भरत बसा, आणि मागून आलेलं रोप कायम मागेच राहतं. जिवाणूंनी मोकळा केलेला स्फुरद त्या रिकाम्या ओळीत उचलणार कोण? पीएसबीचा फायदा मुळात थोडाथोडका असतो. दोन-चार ओळी गेल्या की तो तिथेच संपला.

सोयाबीन आणि भुईमुगाला तर मी फार ओलं करायलाच भितो. साल सुटलं की उगवण गेली.

लिक्विडला पाणी कमी लागतं, बी लवकर सुटं होतं आणि चकती स्वच्छ राहते. रोपांची मुळं बुडवायलाही तेच बरं. ठिबकमधून देता येतं. फक्त लाइन आम्लाने किंवा क्लोरीनने धुतली असेल तर मध्ये पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला काहीही घेतलं तरी जिवाणू सगळ्यात शेवटी. तांब्याचं औषध असेल तर बियाण्याचा नाद सोडून जमिनीतूनच द्यावं.

एक मान्य करावं लागेल. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत टाकायचं असेल तर पावडर हाताळायला बरी पडते. शिवाय या जिवाणूंना सेंद्रिय कर्ब लागतोच, तो खतातून आयता मिळतो. पण पाकीट उन्हात पडून आतलं लिग्नाइट (जिवाणू ज्यात मिसळलेले असतात ती कोळशाची भुकटी) कोरडं झालं असेल, तर तुम्ही फक्त काळी माती टाकताय.

पाकीट असो वा बाटली, त्यावर जिवाणूची जात वाचा. बॅसिलस बीजाणू करून वाईट दिवस काढतो. स्यूडोमोनासला ती सोय नाही, त्याला उष्णता सोसत नाही. माहितीपत्रकावर प्रयोगशाळेतल्या बशीचा फोटो असतो, त्यात जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्फुरद विरघळून स्वच्छ कडं पडलेलं दिसतं. पिकोव्हस्कायाने 1948 मध्ये मांडलेली ही चाचणी चांगली आहे, पण चुनखडीची जमीन जिवाणूंनी सोडलेलं आम्ल बऱ्याच अंशी मारून टाकते. कडं मोठं म्हणून उत्पन्न मोठं, असं धरू नये. माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद आधीच भरपूर असेल तर दोन्हींपैकी काहीच दिसणार नाही.

तुमची जमीन, तुमचं पीक वेगळं असेल, त्यामुळे माझंच खरं असं म्हणत नाही. मी मात्र यंत्राने पेरायचं असलं की बाटलीच आणतो. हाताने टोकण करत असाल तर माझी मुख्य तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. मग पावडर ताजी मिळतेय ना, एवढं बघा.