बॅल्मोरल की ग्लेनगॅरी?

स्कॉटलंडच्या पारंपरिक पोशाखासोबत घालायच्या या दोन टोप्या. घराण्याचा टार्टन (ठरावीक रंगांच्या चौकड्यांचं कापड) किल्टवर, म्हणजे पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्यावर, आला की टोपी त्याच कापडाची शिवण्याचा मोह होतो. तो टाळावा, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चौकडी म्हणजे पर्यटकांच्या दुकानातला थाट. टोपी गडद निळी किंवा काळी, साध्या लोकरीची बरी. टार्टनशी मेळ माथ्यावरच्या गोंड्याने साधावा.

ग्लेनगॅरी होडीच्या आकाराची, मागे दोन फिती लोंबणारी. 1822 साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्या सुमारास स्कॉटलंडच्या ग्लेनगॅरी भागातल्या मॅकडोनेल सरदाराने ती गाजवली, असं मानतात. पुढे ती हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पलटणींची आणि बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडची झाली. कडेला लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टी असेल तर आधीच चौकड्यांच्या किल्टसोबत गर्दी होते. भडक टार्टनवाल्यांनी बिनपट्टीचीच घ्यावी.

बॅल्मोरल गोल, चपटी, बॉनेट या जुन्या निळ्या स्कॉटिश टोपीच्या वंशातली. ती थोडी तिरकी बसते, वाऱ्यापावसातही सोसते. कुळाचा बिल्ला दोन्हींवर डावीकडेच. सामान्य सभासदाच्या बिल्ल्याभोवती पट्टा-बक्कल असते. गरुडाची तीन पिसं मात्र कुलप्रमुखाचा मान, हौसेनं खोचू नयेत.

लग्नाला, मेळाव्याला मी बॅल्मोरलच सुचवेन. ग्लेनगॅरी ताठ मानेच्या वादकालाच शोभते.