ब्लूटूथवालं ओबीडी स्कॅनर (ईएलएम 327, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवते) : 4 स्टार, एक काहून कापला ते खाली

आमची 2014 ची पेट्रोल गाडी. आर्णी-यवतमाळ रोडवर आरामात 18 चं अ‍ॅव्हरेज देत होती, दिवाळीपासून 12 वर आली. वरून सकाळी चालू केली की थरथर करे, पह्यल्या-दुसऱ्या गिअरमधी झटके मारे आन फाटकावर उभी केली की आता बंद पडते का मंग असं वाटे. ज्याले विचारावं तो एकच सांगे, पेट्रोलमधी इथेनॉल आहे ना भाऊ. आता इथेनॉलमधी ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते हे खरं, पण पेट्रोलमधी 20 टक्के इथेनॉल धरून हिशोब लावला तरी 18 चे 17 होतीन, 12 कसे होतीन? एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, एअर फिल्टर बदललं, थ्रॉटल बॉडी साफ केली, बिल घेतलं, फरक शून्य. नवे प्लगबी थोड्याच दिवसात काजळीनं काळे.

मंग हे मागवलं, सातशेच्या आसपास पडलं. स्टेअरिंगखाली 16 पिनचं सॉकेट असते त्यात लावायचं, चावी ऑन करायची, मोबाईलचं ब्लूटूथ जोडायचं (पिन 1234), फुकटचं अ‍ॅप टाकलं की झालं. फॉल्ट कोड (गाडीनं स्वतः नोंदवलेले बिघाड) पाह्यले तर एकबी नाही, चेक इंजिनचा लाईटबी कधी लागला नव्हता. इथंच लोकं वैतागून स्कॅनर वापस करतात. अरे कोड सोडा, लाईव्ह डेटा (चालू इंजिनचे आकडे) पाहा ना! मी कूलंटचं (इंजिनमधी फिरणाऱ्या पाण्याचं) टेम्परेचर लावून ठेवलं आन यवतमाळले निघालो, अर्धा रस्ता झाला तरी आकडा 62-63 च्या वर जाईना, उतार लागला की पुन्हा 58. चांगलं इंजिन दहा-पंधरा मिनिटात 85-90 ले जाऊन तिथंच टिकते.

दुसऱ्या मिस्त्रीले मोबाईल दाखवला, त्यानं थर्मोस्टॅटचं घर खोललं तर आत वॉलच नाही (इंजिन गरम होईस्तोवर पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा)! मागं उन्हाळ्यात गाडी गरम होत होती तेव्हा कोणीतरी काढून फेकला होता. आपल्याकडं 45 डिग्रीत हे सर्रास करून राहिले लोकं, "आता गाडी कधीच गरम नाही होणार" म्हणतात, आन ते खरंबी आहे, होतच नाही. इंजिन थंड आहे असं समजून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवूनच देते, जुन्या स्कूटरचा चोक ओढून दिवसभर फिरल्यासारखं. म्हणून काजळी, म्हणून झटके. गाडी गरम होण्याचा खरा आजार तर रेडिएटर तुंबल्याचा होता. तो साफ केला, नवा वॉल टाकला, आता 88-90 वर टिकून राहते आन अ‍ॅव्हरेज 17 च्या वर येऊन राहिलं.

आता स्टार काहून कापला? मधीच कनेक्शन तुटते, आकडे जरा उशिरा बदलतात, आयफोनले हे साधं ब्लूटूथवालं जुळत नाही. रात्रभर सॉकेटमधी ठेवू नका, बॅटरी खाते. कार्बोरेटरच्या बाइकले उपयोग नाही, बीएस 6 च्या बाइकले बहुतेक 6 पिनची वायर वेगळी घ्यावी लागते. आन ब्रेक चिकटला असन नाहीतर टायरमधी हवा कमी असन तर हे काही सांगणार नाही, त्याले जॅक लावून चाक हातानंच फिरवून पाहा लागते.