ओटागो सेंट्रल रेल ट्रेल : रूळ काढलेल्या लाइनवरून सायकलने

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लाइड ते मिडलमार्च असा १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पूर्वी इथून रेल्वे जायची. 'एकदम सपाट, कुणीही करू शकतं' असं भाड्याने सायकली देणारे सांगतात. कुणीही करू शकतं हे खरं, पण सपाट म्हणणं मला पटत नाही. माझी सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली, त्यामुळे ग्रेडियंटचा, म्हणजे रुळांच्या चढ-उताराचा, विषय निघाला की मी गप्प बसत नाही.

क्लाइड आणि मिडलमार्च, दोन्ही टोकं समुद्रसपाटीपासून साधारण सारख्याच उंचीवर आहेत. मधे वेडरबर्नजवळ लाइन ६१८ मीटरवर जाते. म्हणजे कुठूनही निघा, निम्मी वाट चढायचीच. पण हा चढ कुठेही ५० ला १ (५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर) पेक्षा कडक नाही. भरलेली मालगाडी घेऊन वाफेचं इंजिन वर जाऊ शकेल, अशीच तेव्हाची आखणी. टायगर हिलला हे नीट कळतं. साधा रस्ता असता तर तो तिथे नाकासमोर वर गेला असता. लाइन मात्र टेकडीच्या अंगाने मोठा वळसा घेते, थोडी थोडी उंची कमावते, आणि माथ्यावर पोचलो तरी आमच्या हिचा श्वास लागलेला नव्हता. चढ आला म्हणून उतरून सायकल ढकलावी, अशी वेळ कुठेच आली नाही. ई-बाइकसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही, असं मी म्हणेन. गुडघे दुखत असतील तर गोष्ट वेगळी.

चढापेक्षा त्रास वाऱ्याचा. हा भाग दक्षिण आल्प्सच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरापलीकडेच रिकामे होतात आणि इकडे नुसता कोरडा वारा पोचतो. जवळच्या अलेक्झांड्रा गावात वर्षाला ४०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मॅनिओटोटोच्या पठारावर सावलीला झाड शोधावं लागतं, आणि लाइन तर बाणासारखी सरळ. समोरून वारा सुटला की तो किलोमीटरच्या किलोमीटर समोरच राहतो. सकाळी लवकर निघावं, पाणी लागेल त्याहून जास्त घ्यावं. दोन गावांमधे नळ मिळेल या भरवशावर राहू नये.

क्लाइडच्या बाजूला उघड्या टेकड्यांवर थाइम नावाची सुवासिक वनस्पती रानटी पसरलेली आहे. सोन्याच्या शोधात लोक आले, त्या काळात ती इथे आली म्हणतात. उन्हात तापली की हुबेहूब ओव्यासारखा वास येतो. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्यच असतं, त्यामुळे नवल नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. लॉडरच्या पुढे पूलबर्नची घळ लागते आणि अख्ख्या मार्गाचं सार्थक तिथे होतं. लागोपाठ दोन बोगदे आहेत, दिवे नाहीत, आणि मधोमध पोचलं की आपलाच हात दिसत नाही. टॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड तिथे पुरत नाही. तिथलाच पूलबर्नचा पूल ३७ मीटर उंच आहे. त्याच्या दगडी खांबांची घडाई बघायला मी सायकल कठड्याला टेकवून बराच वेळ थांबलो, आणि ही पुढे निघून गेली. पुलांवर रूळ नाहीत, चालायला लाकडी फळ्या टाकल्यात. इथला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १०६७ मिलिमीटरचा, त्यामुळे भराव आणि कटिंगही (डोंगर कापून काढलेली वाट) बेताच्याच रुंदीची. शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकातल्या कटिंग बघाव्यात. हे काम यंत्रांचं नव्हे, टिकाव-फावड्यांचं आणि सुरुंगाचं आहे. १८९१ मधे लाइन मिडलमार्चला पोचली आणि क्लाइडला यायला १९०७ उजाडलं, यातच काय ते आलं. १९९० मधे ती बंद झाली. त्याआधी शेवटची मोठी वाहतूक क्लाइडच्या धरणाच्या सामानाची होती. मग संवर्धन खात्याने जागा घेतली आणि २००० मधे सलग मार्ग खुला केला.

गँगच्या, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीच्या, लोकांच्या असायच्या तशा पत्र्याच्या खोल्या वाटेवर ठेवल्यात, हे फार बरं केलं. आत माहितीचे फलक आहेत, वाऱ्यापावसात आडोसाही होतो. मालधक्क्यांच्या शेडला दिलेला रंग मात्र मला जरा जास्तच चकचकीत वाटला.

हाइडजवळ स्मारक आहे, तिथे थांबावं. ४ जून १९४३ ला कटिंगमधल्या वळणावर गाडी जास्त वेगात आली, रुळावरून उतरली आणि २१ माणसं गेली. बाकीचे सायकलवाले फोटो काढून निघत होते. मी आधी वळण बघून आलो.

मार्गाला तिकीट नाही. शिक्के मारायचं एक छोटं पासपोर्टसारखं पुस्तक विकत मिळतं, आणि जुन्या स्टेशनांच्या जागी शिक्के ठेवलेले असतात. मी हसलो होतो, पण हिने एकही शिक्का चुकू दिला नाही.

आता ज्यांच्याकडून सायकली घेतल्या त्यांच्याबद्दल. सायकली चांगल्या, गिअर नीट लावलेले, टायर रुंद. मुरमाच्या पृष्ठभागाला तेच लागतात, कारण काही ठिकाणी बारीक खडी सुटी झाली आहे आणि अरुंद टायर तिथे घसरतो. सामान रोज पुढच्या मुक्कामी वेळेवर पोचत होतं. पण पंक्चरच्या पिशवीतला पंप दुसऱ्याच प्रकारच्या व्हॉल्व्हचा निघाला. मागून येणाऱ्या एका जोडप्याने त्यांचा पंप दिला म्हणून निभावलं. फोनवर तक्रार केली तर 'ओह, सॉरी' एवढंच. तेव्हा सायकल ताब्यात घेतानाच पंप व्हॉल्व्हला लावून बघा, ब्रेक दाबून बघा आणि सीटची उंची त्यांच्याकडूनच करून घ्या. पॅड लावलेली सायकलची चड्डी घरूनच न्या. सीट कितीही मऊ असली तरी तिसऱ्या दिवशी त्या चड्डीची आठवण होते.